टायरला हवा पुरते

गेल्या उन्हाळ्यात भाच्याबरोबर नागपूरहून शिर्डीला निघालो होतो. समृद्धी महामार्गाला लागण्याआधी त्याने गाडी पंपावर घेतली. डिझेल भरून झालं, काच पुसून झाली, तरी तो निघेना. "मामा, पाच मिनिटं. नायट्रोजन मारून घेतो. समृद्धीवर साध्या हवेचे टायर फुटतात म्हणतात." मागच्या सीटवर त्याची बायको, दोन पोरं आणि माझी बहीण बसलेली. चार जिवांची जबाबदारी घेऊन चाललेल्या माणसाची ती काळजी होती आणि ती खरी होती. म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला. खऱ्या काळजीला चुकीचं औषध विकलं जातंय, आणि ते औषध घेतल्यावर माणूस निर्धास्त होऊन आजाराकडे बघायचं सोडून देतो.

मी आयटीआयमध्ये पंचवीस वर्षं मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. सवयीने खाली उतरलो आणि मशीनवरचा मुलगा काय करतो ते बघत उभा राहिलो. त्याने पुढच्या डाव्या चाकाची काळी टोपी काढली, नळी लावली. आकडा आला २९. मशीन ३३ वर लावलेलं होतं. घरघर झाली, पीं-पीं वाजलं, नळी निघाली आणि वॉल्व्हवर हिरवी टोपी बसली. असंच चारही चाकांना. चाकामागे वीस, एकूण ऐंशी रुपये. भाचा समाधानाने गाडीत बसायला निघाला.

त्या टायरमध्ये आता काय होतं, याचा हिशेब दहावीच्या मुलालाही जमेल. आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेला बहुतेक आरगॉन असतो. म्हणजे साध्या हवेचा टायर हा मुळात तीन-चतुर्थांशाहून जास्त नायट्रोजनचाच टायर असतो. गेज ० दाखवतो तेव्हाही टायर रिकामा नसतो. बाहेरच्या वातावरणाइतकी, म्हणजे १४.७ पीएसआय दाबाची हवा आत असतेच. तेव्हा गेजवरचे २९ म्हणजे प्रत्यक्षात ४३.७ आणि ३३ म्हणजे ४७.७. मुलाने वरून घातले ते ४. मशीनमधून शंभर टक्के शुद्ध नायट्रोजन आला असं धरलं, तरी त्या टायरमधला नायट्रोजन ७८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेला. ऑक्सिजन २१ होता तो १९ च्या थोडा वर राहिला. ऐंशी रुपये आणि चार हिरव्या टोप्या या दोन टक्क्यांसाठी होत्या.

नायट्रोजन भरायची खरी रीत वेगळी आहे. वॉल्व्हची पिन काढायची, टायर पूर्ण बसू द्यायचा आणि मग भरायचा. एवढं केलं तरी आत राहिलेल्या हवेमुळे नायट्रोजन ९३ टक्क्यांच्या आसपास येतो. पंचाण्णवच्या पुढे न्यायचा तर पुन्हा एकदा रिकामा करून पुन्हा भरावा लागतो. गाडी जॅकवर घ्यायची, चार चाकं, दोन-दोन वेळा. पंपावर रांग लागलेली असताना हे कोण करणार? माझा एक जुना विद्यार्थी हायवेलगत टायरचं दुकान चालवतो. गिऱ्हाईक मागतं म्हणून त्यानेही मशीन घेतलंय, त्याचे हप्ते चालू आहेत. तो म्हणाला, "सर, नव्या टायरला मी पिन काढून भरतो. बाकी कुणाला तेवढा वेळ नसतो. वरून मारा म्हणतात." तो खोटं बोलत नाही आणि फसवतही नाही. लोक जे मागतात ते तो देतो. मशीनही नायट्रोजन दुसरीकडून आणत नाही. त्याच आवारातली हवा कॉम्प्रेसरने आत घेऊन तिच्यातला ऑक्सिजन गाळून टाकतं. गाळणी जुनी झाली की ऑक्सिजनही सोबत येतो. किती टक्के शुद्ध गॅस आपल्या टायरमध्ये चाललाय, हे सांगणारा आकडा गिऱ्हाइकासमोर मी तरी कुठल्या पंपावर पाहिलेला नाही.

आता मूळ दाव्याकडे येतो: "नायट्रोजन थंड असतो, तापत नाही, फुगत नाही, म्हणून टायर फुटत नाही." पंपावर, सोसायटीच्या ग्रुपवर, वर्तमानपत्रांच्या वाहन-पुरवण्यांत हे वाक्य इतक्या वेळा आलंय की आता ते कुणी तपासतही नाही. थेट संसदेपर्यंत ते पोहोचलं. जुलै २०१९ मध्ये यमुना एक्स्प्रेस वेवरच्या अपघातांबद्दल राज्यसभेत बोलताना केंद्रीय वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी टायरच्या रबरात सिलिकॉन मिसळणं आणि टायरमध्ये नायट्रोजन भरणं सक्तीचं करण्याचा विचार असल्याचं सांगितलं होतं. रस्त्यावरच्या मृत्यूंबद्दल इतक्या कळकळीने बोलणारे मंत्री थोडे आहेत. त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण उपाय चुकीचा होता. नायट्रोजनची सक्ती पुढे आली नाही हे बरं झालं.

तापला की प्रत्येक गॅस फुगतो, आणि टायरमधल्या दाबाला व तापमानाला हवा आणि नायट्रोजन एकाच प्रमाणात फुगतात. हा भौतिकशास्त्राचा अगदी प्राथमिक नियम आहे. नागपूरच्या मे महिन्यातली पहाट घ्या, तापमान २८ अंश, टायरमध्ये ३३ पीएसआय. दुपारी काँक्रीटवर गाडी १२० ने धावतेय आणि टायर आतून ७० अंशांना पोहोचलाय. दाब जवळजवळ ४० होतो. आत हवा असली तरी ४०, कोरडा नायट्रोजन असला तरी ४०. आणि महत्त्वाचं म्हणजे, या ४० ने धडधाकट टायर फुटत नाही. टायर बनवणाऱ्याने ही वाढ धरूनच टायर बनवलेला असतो. बाजूच्या भिंतीवर जास्तीत जास्त दाबाचा आकडा छापलेला असतो, तो थंड टायरसाठी असतो, आणि बहुतेक कारच्या टायरवर तो ४४ किंवा ५१ दिसेल. "थंड" हा शब्द बहुधा द्रवरूप नायट्रोजनवरून लोकांच्या डोक्यात शिरला असावा. तो उणे १९६ अंशांना असतो. पंपावरच्या नळीतून येतो तो साधा गॅस, आणि तो नागपुरात नागपूरच्याच तापमानाचा असतो.

मग टायर फुटतो कशाने? दाब कमी असल्याने. ही गोष्ट लोकांना उलटी वाटते, आणि सगळा घोळ इथेच आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त मुडपते. शंभरच्या वेगाला कारचं चाक सेकंदाला चौदा-पंधरा फेरे घेतं. लोखंडी तार हाताने सारखी वाकवून बघा, वाकते तिथे चटका बसेल इतकी तापते. रबर आणि आतल्या धाग्यांचं तसंच होतं. थर एकमेकांपासून सुटायला लागतात आणि एका क्षणी भिंत फाटते. त्यात गाडी क्षमतेपेक्षा जास्त भरलेली, टायर जुना, मधे कधी खड्ड्यात आपटून धागे तुटलेले, आणि तासन्‌तास न थांबता एकाच वेगाने चाललेली. समृद्धीवर नेमकं हेच सगळं एकत्र येतं. ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता. गावातल्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने वर्षानुवर्षं निभावून नेलेला टायर तिथे पहिल्यांदा दोन तास सलग १२० ला धावतो.

याच गैरसमजातून दुसरी एक घातक सवय पडलीय. "उन्हाळा आहे, दोन पॉइंट हवा कमी ठेवा, गरम होऊन वाढते ना." हे मी पंपांवर ऐकलंय, गॅरेजांत ऐकलंय, आणि सांगायला वाईट वाटतं, आमच्याच आयटीआयच्या आवारात ऐकलंय. हवा कमी ठेवली की टायर जास्त मुडपतो, जास्त तापतो, आणि ज्या भीतीने हवा काढली ती भीतीच खरी होते. उन्हाळ्यातही दारावरच्या स्टिकरवर असेल तेवढाच दाब, सकाळी गाडी थंड असताना. गाडी भरलेली असेल तर त्याच स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठीचा वेगळा, जास्त आकडा असतो, तो घ्यायचा. मधल्या थांब्यावर दाब चाळीस दिसला म्हणून हवा सोडायची नाही. नायट्रोजनच्या प्रचाराने ही सवय पक्की केली, कारण त्याची सगळी मांडणीच "वाढणारा दाब हा शत्रू" या समजावर उभी आहे.

"मग विमानात नायट्रोजन का भरतात?" हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि प्रश्न चांगला आहे. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकाना कंपनीचं बोइंग ७२७ मेक्सिको सिटीहून उडालं. एका चाकाचा ब्रेक घासत राहून भयंकर तापला होता. ते चाक पोटात घेऊन विमान वर चढलं. त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. रबर त्या तापमानाला गेलं की त्यातून ज्वलनशील वायू सुटतात, आणि हवेतल्या ऑक्सिजनशी मिसळून ते आतल्या आत पेट घेऊ शकतात. टायरचा स्फोट झाला, इंधनाच्या आणि हायड्रॉलिकच्या नळ्या तुटल्या, विमान डोंगरात कोसळलं. आतले १६७ जण गेले. त्यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको असा नियम केला. तिथे नायट्रोजन जीव वाचवतो, यात वाद नाही.

पण विमानाच्या टायरमध्ये दोनशे पीएसआयच्या आसपास दाब असतो. शंभर टनांचं यंत्र अडीचशेच्या वेगाने धावपट्टीवर उतरतं आणि तो सगळा वेग मुख्यतः ब्रेकच्या चकत्यांत उष्णता होऊन जिरतो. चाकाच्या आतच ब्रेक असतो. पुन्हा तेच चाक दहा किलोमीटर उंचीवर उणे पन्नास अंशांत जातं, जिथे आतल्या ओलाव्याचा बर्फ होतो. आपली कार यातलं काहीच करत नाही. टायरच्या आतलं रबर पेट घेण्याइतकं तापायच्या फार आधी तो टायर फाटून रस्त्यावर पडलेला असतो. आणि विमानात नायट्रोजन ९५ टक्क्यांच्या वर असल्याची खात्री करून भरतात. पंपावरच्या ८० टक्क्यांना विमानाचा दाखला देणं म्हणजे हेल्मेटच्या जागी टोपी घालून मोटारसायकल चालवणं. शर्यतीच्या गाड्यांचंही तसंच आहे. तिथे कोरडा गॅस लागतो, कारण दाबातल्या अर्ध्या पॉइंटनेही वळणावर फरक पडतो. शिर्डीच्या वाटेवर पडत नाही.

प्रतिवाद करायचा तर समोरच्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा टाळून चालत नाही. तो असा: नायट्रोजन हळू गळतो. हे खरं आहे. रबरातून ऑक्सिजन नायट्रोजनच्या तिप्पट-चौपट वेगाने झिरपतो. प्रश्न एवढाच, की त्याने प्रत्यक्षात किती फरक पडतो? अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाने हे मोजलं. ३१ प्रकारचे टायर घेतले, प्रत्येक प्रकारात एक हवेचा, एक नायट्रोजनचा, सगळे ३० पीएसआयला भरले आणि वर्षभर बाहेर उघड्यावर ठेवले. २००७ मध्ये त्यांनी निकाल छापला. हवेचे टायर सरासरी ३.५ पीएसआयने उतरले, नायट्रोजनचे २.२ ने. फरक १.३ पीएसआय, आणि तोही पूर्ण वर्षाचा. आणि नायट्रोजनचा टायरही उतरलाच. वर्षभर न बघता सोडायला तोही लायक राहिला नाही.

शिवाय हवेचा टायर वापरताना आपोआप काय होतं ते बघा. त्यातून ऑक्सिजन जास्त झिरपतो, नायट्रोजन मागे राहतो. आपण वरून हवा भरतो, पुन्हा ऑक्सिजन जास्त जातो. दर महिन्याला हवा भरणाऱ्याच्या टायरमध्ये नायट्रोजनचं प्रमाण न मागता, न पैसे देता वाढत जातं.

मायलेजचं गणितही मांडूनच बघू. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब आहे की चारही टायरमधला दाब सरासरी एक पीएसआय उतरला तर इंधन साधारण ०.२ टक्के जास्त जातं. समजा तुम्ही वर्षात १०,००० किलोमीटर चालवता, गाडी लिटरला १५ देते, पेट्रोल १०५ रुपये. वर्षाचं पेट्रोल झालं ७०,००० रुपयांचं. वर्षभर एकदाही दाब तपासला नाही, तर हवा आणि नायट्रोजन यांतला सरासरी फरक पाऊण पीएसआयही भरत नाही. वाचतात नव्वद-शंभर रुपये. चार चाकं दोनदा भरून घेतलीत की त्याहून जास्त गेले. आणि ही बचतसुद्धा जो वर्षभर टायरकडे बघत नाही त्याचीच. महिन्याला हवा तपासणाऱ्याची बचत शून्य. नायट्रोजनमुळे टायर जास्त सहज फिरतो असंही सांगतात. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने २००९ मध्ये तपासून सांगितलं की दाब सारखा असेल तर आतल्या गॅसने त्यात फरक पडत नाही.

ओलाव्याच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. कोकणात पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं. टाकीच्या तळाची तोटी कुणी सोडत नाही आणि ते पाणी नळीतून टायरमध्ये जातं. टायर तापला की त्याची वाफ होऊन दाब दोनेक पॉइंटनी जादा वाढू शकतो, लोखंडी रिमला गंजही चढतो. पण त्यावर उपाय काय? रोज सकाळी तळाची तोटी अर्धा मिनिट उघडायची आणि नळीच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर बसवायचा. आम्ही पोरांना हे पहिल्या महिन्यात शिकवायचो. ज्या पंपावर एवढं होत नाही, तिथल्या नायट्रोजनच्या मशीनची गाळणी वेळेवर बदलली जात असेल यावर विश्वास कसा ठेवायचा? आतल्या ऑक्सिजनने रबर म्हातारं होतं हेही खरं आहे. ट्रकचा टायर दोन-तीन वेळा रिट्रेड करून लाखो किलोमीटर वापरायचा असेल, तर मालकाने नीट पिन काढून नायट्रोजन भरण्यात काही अर्थ असेल. कारच्या टायरला बाहेरून ऊन, ओझोन आणि तीच २१ टक्के ऑक्सिजनची हवा चोवीस तास लागतच असते.

आता शेवटचा युक्तिवाद, जो समंजस माणसं करतात: "लोक हवा तपासतच नाहीत, मग निदान नायट्रोजन तरी भरू द्या. वीस रुपयांत काय जातं? नुकसान तर नाही." मला हाच युक्तिवाद सगळ्यात जास्त खुपतो, कारण नुकसान आहे आणि मी ते पाहिलंय. माझ्या त्याच विद्यार्थ्याच्या दुकानासमोर एक गाडी थांबली होती. मागचं चाक डोळ्यांना बसलेलं दिसत होतं. त्याने हवा भरू का विचारलं. गाडीवाला म्हणाला, "नको, त्यात नायट्रोजन आहे. साधी हवा मिसळायची नसते. पुढे नायट्रोजनचा पंप लागेल तिथे भरतो." त्या दिवशी विद्यार्थ्याचं स्वतःचं मशीन बंद होतं. त्याने बळेच गेज लावला. २१. गाडीत पाच माणसं, वर कॅरिअरवर सामान. "सर, हात जोडले त्यांच्यापुढे, तेव्हा भरू दिली," तो सांगत होता. हवा आणि नायट्रोजन मिसळल्याने काडीचंही बिघडत नाही. आत आधीच दोन्ही असतात. पण "मिसळू नका" हे वाक्य नायट्रोजनबरोबर विकलं जातं, आणि फुकट हवेची नळी दहा पावलांवर असताना माणूस बसलेला टायर घेऊन चाळीस किलोमीटर जातो. पंक्चर, वॉल्व्हची सैल पिन, रिमच्या कडेची गळती, यांतून नायट्रोजनही हवेइतकाच निघून जातो. हिरवी टोपी बघून ज्याने गेज लावायचं सोडलं, त्याला हे कळतच नाही.

टायर फुटून माणसं मरायला लागली तेव्हा दुसऱ्या एका देशाने काय केलं, ते आपल्यापुढे आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत फोर्ड एक्स्प्लोररवरच्या फायरस्टोन टायरचे पट्टे वेगात सुटायला लागले, गाड्या उलटल्या, दोनशेहून जास्त माणसं गेली. ऑगस्ट २००० मध्ये लाखो टायर परत मागवले गेले. टायरच्या बनावटीत दोष होताच, पण फोर्डने सुचवलेला २६ पीएसआयचा कमी दाबही वादाच्या केंद्रस्थानी होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे नवा कायदा झाला, आणि त्यातून निघालेल्या नियमाने सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या हलक्या गाडीत टायरचा दाब २५ टक्क्यांनी उतरला की डॅशबोर्डवर दिवा लागायलाच हवा अशी सक्ती झाली. इतक्या मृत्यूंनंतर, इतक्या चौकशीनंतर त्यांनी सक्ती केली ती दाब दाखवणाऱ्या यंत्राची. नायट्रोजनची केली नाही. आपल्याकडे समृद्धीसाठी सक्ती करायचीच असेल तर हीच करावी, आणि जुन्या गाड्यांना नाक्यावर कुणीतरी गेज लावून बघावं. २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशावर टायर तपासायला सुरुवात केली, घासलेल्या टायरच्या गाड्या अडवल्या, ते योग्यच होतं. ते काम कंटाळवाणं आहे, त्याला माणसं लागतात. म्हणून ते सुटू नये.

पंपावरच्या त्या सकाळकडे परत येतो. हिरव्या टोप्या बसल्यावर मी भाच्याला म्हणालो, "जरा थांब, एकदा बघू दे." खाली बसून मागच्या डाव्या टायरवरून हात फिरवला. आतल्या बाजूच्या भिंतीवर बोराएवढा फुगा हाताला लागला. कधीतरी खड्ड्यात आपटून आतले धागे तुटले होते आणि तिथे आता नुसतं रबर दाब झेलत होतं. भिंतीवर चार आकडे शोधले, १११६. म्हणजे २०१६ सालच्या अकराव्या आठवड्यात बनलेला टायर. शेजारच्या चाकाचंही तेच साल. गाडी भाच्याने जुनी घेतलेली, टायरचं वय त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. डिकीतली स्टेपनी दाबून पाहिली आणि गेज लावला, १४. या गाडीला दोन मिनिटांपूर्वी "समृद्धीसाठी तयार" म्हणून निरोप मिळाला होता. मशीनवरच्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला नळी लावायला शिकवलं, टायर बघायला नाही.

भाचा त्या फुग्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मामा, हे मला दिसलंच नाही." आम्ही माघारी वळलो. मागचे दोन्ही टायर बदलले, स्टेपनी भरली, चार तास उशिरा निघालो. नव्या टायरमध्ये साधी हवा भरून घेतली, गाडी भरलेली म्हणून स्टिकर सांगत होता तेवढी.

तेव्हा वाचकांना विनंती आहे. उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी ड्रायव्हरचं दार उघडा, तिथल्या स्टिकरवरचा आकडा वाचा. पाच-सातशे रुपयांचा स्वतःचा गेज घ्या आणि महिन्यातून एकदा, शिवाय प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी पाचही टायर तपासा. पाचवी स्टेपनी. भिंतीवरून हात फिरवा, चार आकड्यांतलं साल बघा, खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर टायर बदला. नायट्रोजन भरलेला असेल तर त्यावर बेलाशक हवा भरा. सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांनी टायरला हवा फुकट द्यायची असते. ती नळी बंद असेल, गेज मोडका असेल किंवा मुलगा नायट्रोजनकडे बोट दाखवत असेल, तर तक्रार पुस्तिका मागा आणि त्यात लिहा.